खुकरी आणि माझं एक चुकीचं वाक्य

आयएनएस खुकरी ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. स्वातंत्र्यानंतर युद्धात आपण गमावलेली ही एकमेव युद्धनौका. त्या अठरा अधिकाऱ्यांमध्ये लेफ्टनंट व्ही. के. जैन हे विद्युत शाखेतले तरुण अधिकारी होते. त्यांच्यावर मी अन्याय केला. तो कसा केला आणि चूक दाखवून दिल्यावरही किती काळ गप्प बसलो, ते आज लिहितो आहे. अन्याय माईकवरून झाला होता, तेव्हा कबुलीही चार लोकांसमोरच द्यायला हवी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. ७१ च्या लढाईच्या वेळी शाळकरी होतो, मुंबईत गिरगावात राहत होतो. खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद, मोटारींच्या दिव्यांवर फासलेला काळा रंग, भोंगा वाजला की जिन्याखाली गोळा होणारी सगळी चाळ, एवढं पक्कं आठवतं. आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला केला तेव्हा चाळीत पेढे वाटले होते. पुढे हा विषय डोक्यात बसला तो बसलाच. मिळेल ते वाचत गेलो. नौदल दिनाच्या सुमारास शाळांतून, व्याख्यानमालांतून, ज्येष्ठ नागरिकांच्या संघांतून बोलायला लागलो. ऐकणाऱ्यांना आवडत असे. दर हिवाळ्यात बोलावणी येऊ लागली.

कराचीचा भाग लोकांना बहुतेक पाठ असतो. खुकरीतलं कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला हे नावही पुष्कळांना माहीत असतं. आपलं जीवरक्षक जाकीट त्यांनी दुसऱ्याला दिलं, जमतील तेवढ्यांना जहाजाबाहेर काढलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. कुलाब्याच्या नेव्ही नगरातलं सभागृह त्यांच्या नावाचं आहे. हे मी जसं आहे तसं सांगत असे. पण तेच तेच सांगून वक्त्याला कंटाळा येतो. मला काहीतरी असं हवं होतं, जे दुसरा कुणी सांगत नसेल. ते माझ्याच विषयात सापडलं.

युद्धनौकेचा सोनार पाण्यात ध्वनीची स्पंदनं सोडतो आणि पाणबुडीवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. अडचण अशी की जहाजाचा स्वतःचाच गोंगाट भरपूर असतो. पंखा पाणी घुसळतो, यंत्रं घरघरतात, तळाशी पाणी सळसळत जातं. स्वयंपाकघरात भांडी आपटत असताना बाहेर वाजलेली कडी ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार. वेग जितका जास्त तितका गोंगाट जास्त. नीट ऐकायचं तर वेग कमी करावा लागतो. खुकरीवर त्या दिवसांत जुन्या सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेल्या सुधारणेची चाचणी चालू होती. लेफ्टनंट जैन ते काम घेऊन जहाजावर होते. चाचणीसाठी वेग कमी ठेवलेला होता, आणि संथ चालणारं जहाज पाणबुडीला सोपं सावज ठरतं.

इथवरचं सगळं बरोबर होतं. यापुढे मी एक वाक्य जोडत असे. एका तरुण अधिकाऱ्याच्या प्रयोगासाठी जहाजाचा वेग कमी केला गेला आणि त्या प्रयोगाची किंमत १९४ जणांनी मोजली, असं ते वाक्य होतं.

त्यावर सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होत असे. कुणी चुकचुकायचं, कुणी मान हलवायचं. ती शांतता मला आवडायला लागली होती, हे लिहिताना लाज वाटते पण लिहायलाच हवं. पुढे पुढे मी वाक्याआधी थांबू लागलो, आवाज खाली आणू लागलो. व्याख्यानातली जागा म्हणून ते वाक्य मी घोटून घेतलं होतं. त्यात ज्यांचा उल्लेख होता ते लेफ्टनंट जैन स्वतः त्या १९४ मधले एक होते. माझ्या बोलण्याच्या ठेवणीत मात्र ते एका बाजूला आणि बाकीचे १९३ दुसऱ्या बाजूला उभे राहत.

कोकणातल्या एका कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलापाशी एक गृहस्थ भेटले. नौदलात सोनारवर नोकरी केलेले, चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. बशीत चहा ओतत त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, जहाजाचा वेग कोण ठरवतं?"

"कॅप्टन," मी म्हणालो.

"मग लेफ्टनंटचं नाव कशाला घेतलंत?"

मी म्हटलं, प्रयोग त्यांचा होता ना.

"प्रयोग नेव्हीचा होता. त्याला जहाजावर धाडलं नेव्हीनं. तो काय हौसेनं चढला होता?" मग बशी खाली ठेवून ते म्हणाले, "आपला सोनार आखूड होता हो सर. तो लांब करायला ते पोरगं गेलं होतं."

मी "तुमचंही बरोबर आहे, काका" असं काहीसं पुटपुटलो आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला वळलो. त्यांचं म्हणणं मला कळलं नव्हतं असं नाही, तिथल्या तिथे कळलं होतं. पण ते मान्य केलं तर वाक्य गाळावं लागणार होतं, आणि वाक्य गाळलं तर व्याख्यानाचा कळस जाणार होता. पुढच्या कार्यक्रमात मी तेच वाक्य तसंच म्हणालो. त्यानंतरही कित्येक वर्षं म्हणत राहिलो. माझ्या चुकांमधली मोठी चूक मी हीच मानतो. आधीचं अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं, त्यानंतरच्याला अज्ञान म्हणता येणार नाही.

मग साताऱ्याकडच्या एका गावात कार्यक्रम झाला. संपल्यावर मंडळी भोवती जमली. मागे एक म्हाताऱ्या बाई सगळे पांगेपर्यंत उभ्या होत्या. त्यांचे धाकटे दीर खुकरीवर नौसैनिक होते. लग्नही झालेलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे आमचे भाऊजी त्या साहेबाच्या प्रयोगापायी गेले, असंच ना?"

मी काय उत्तर द्यायला हवं होतं ते चीफसाहेबांनी मला आधीच शिकवलेलं होतं. तरी समोरच्या माणसाला लगेच पटेल असं काहीतरी बोलून मोकळं व्हायची सवय जडलेली. मी म्हणालो, "तसंच म्हणावं लागेल, काकू."

त्यांनी मान डोलावली. "सासूबाई जन्मभर समुद्राला शिव्या देत गेल्या," त्या म्हणाल्या. "माणसाचं नाव आज कळलं."

परतीच्या एसटीत हे शब्द मला लागले. सभागृहात असताना लागले नव्हते, हेही नोंदवून ठेवतो. इतक्या वर्षांनी एका घराला मी राग धरायला माणूस मिळवून दिला होता. ज्याच्यावर तो राग धरायचा त्याच्याही घरी अशीच वाट पाहून थकलेली माणसं असणार. समुद्रात गेलेल्या माणसाचा देह घरी येत नाही. त्याच्याबद्दल लोक जे बोलतात तेवढंच घरच्यांच्या हाती उरतं, आणि ते बोलणं मी नासवत होतो.

घरी आल्यावर व्हाइस अॅडमिरल हिरानंदानी यांचा 'ट्रान्झिशन टू ट्रायम्फ' हा नौदलाचा इतिहास आणि मेजर जनरल इयान कार्डोझो यांचं खुकरीतून वाचलेल्यांच्या हकिकतींचं पुस्तक पुन्हा काढलं. दोन्ही आधी वाचलेली होती. माझ्या प्रतींमध्ये वेगाबद्दलच्या मजकुराखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि आजूबाजूची पानं कोरी होती. मला हवं तेवढं मी उचललं होतं. या वेळी वर्गात शिकवण्यासाठी काढावं तसं टिपण काढत वाचलं.

खुकरीला बुडवणारी हंगोर ही फ्रान्समध्ये बांधलेली डाफ्ने जातीची पाकिस्तानी पाणबुडी. त्या काळच्या मानानं नवी, पाण्याखाली अतिशय शांत, आणि लांबून ऐकू शकणारी. तिच्या बिनतारी संदेशांवरून ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ असल्याचा अंदाज आपल्याला आला आणि मुंबईहून १४ व्या फ्रिगेट स्क्वाड्रनला तिच्या मागावर पाठवण्यात आलं. या स्क्वाड्रनमध्ये खुकरी, किरपाण आणि कुठार अशा तीन भगिनी नौका होत्या. कुठारच्या बॉयलर रूममध्ये स्फोट होऊन ती आधीच निकामी झाली होती, त्यामुळे निघाल्या दोघीच. खुकरी इंग्लंडमध्ये बांधलेली, १९५८ साली नौदलात आलेली. पाणबुड्या शोधणं हेच तिचं मुख्य काम, पण तिचा सोनार जुन्या पिढीचा होता. त्यात अरबी समुद्राची अडचण वेगळीच. वरचं पाणी उबदार आणि खाली अचानक थंड, अशा थरांच्या सीमेवर ध्वनिलहरी वाकतात, आणि त्या थराखाली शिरलेली पाणबुडी वरच्या जहाजाला सापडणं फार कठीण होतं. हा धडा मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवला होता. खुकरीबद्दल बोलताना तो एकदाही आठवला नाही.

थोडक्यात, शिकार करायला निघालेल्या जहाजांपेक्षा शिकारीचे कान लांबचे होते. हंगोर ९ तारखेला दिवसभर या दोन जहाजांच्या मागावर होती. त्यांना तिचा पत्ता नव्हता. संध्याकाळनंतर ती त्यांच्या वाटेत येऊन थांबली. आणि इथे मला सर्वांत जास्त ओशाळवाणं करणारी गोष्ट आहे. हंगोरनं पहिला टॉर्पेडो खुकरीवर सोडलाच नव्हता. तो किरपाणवर सोडला होता. तो तिच्याखालून न फुटता निघून गेला. दुसरा खुकरीला लागला. तेव्हा रात्रीचे पावणेनऊ वाजून गेले होते. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. जैन आणि त्यांचं काम खुकरीवर होतं आणि पहिला नेम किरपाणवर होता. ज्या वाक्यासाठी मी सभागृह गप्प करत होतो, ते या एका गोष्टीपुढे उभं राहत नाही.

वेग कमी होता हे खरं आहे, आणि त्यानं धोका वाढला हेही खरं आहे. नौदलाचा इतिहासही ते झाकत नाही. मुद्दा असा की वेग कमी का करावा लागत होता? सोनार आखूड होता म्हणून. सुधारणेची गरज का पडली? तेच कारण. ज्या उणिवेमुळे जहाज बुडालं तीच उणीव भरून काढायला तो तरुण अधिकारी युद्ध चालू असताना, टॉर्पेडोच्या टप्प्यात, यंत्र घेऊन बसला होता. मी कार्य आणि कारण यांची अदलाबदल केली होती. परीक्षेत एखाद्या मुलानं हे केलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

याचा अर्थ मी आता कॅप्टन मुल्लांकडे बोट दाखवतो आहे असाही नाही. ते जहाजाचे कॅप्टन होते आणि स्क्वाड्रनचेही प्रमुख होते, हुकूम त्यांचा होता. पण त्यांच्या हाती दोनच जहाजं होती, तीही कमी ऐकणारी, आणि समोरची पाणबुडी शोधायची तर ऐकण्याचा पल्ला कसाही करून वाढवणं भाग होतं. किनाऱ्यावर, पन्नास वर्षांनंतर, पंख्याखाली बसून या निवडीला मूर्खपणा म्हणायचा अधिकार मला नाही. डाफ्नेसारख्या पाणबुडीला तोंड देईल असा सोनार आपल्या जहाजांवर वेळेत का बसला नव्हता, हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो लेफ्टनंटला किंवा कॅप्टनला विचारायचा प्रश्न नाही.

आयोजकांकडून त्या बाईंच्या मुलाचा नंबर मिळवला आणि फोन केला. मी चुकीचं सांगितलं होतं, हे आधी सांगून टाकलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग दोष कुणाचा?"

एका वाक्यात उत्तर नव्हतं. मी त्यांना पाणबुडी, जुना सोनार, पाण्याचे थर, बंद पडलेलं तिसरं जहाज, सगळं एकेक करून सांगितलं. त्यांनी मध्येमध्ये चांगले प्रश्न विचारले. पाण्यात आवाज वाकतो म्हणजे काय, हे त्यांना नीट समजून घ्यायचं होतं. समजल्यावर म्हणाल्या, "विहिरीत काठी वाकडी दिसते, तसं?" मी म्हटलं, अगदी तसंच. मग त्या म्हणाल्या, "हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं. मी घरात सगळ्यांना त्या साहेबाचं सांगून बसले. नातवंडांनासुद्धा." मी माफी मागितली. "आता परत सांगते सगळ्यांना," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांनी परत सांगितलं असेल. इतर गावांत, इतर सभागृहांत माझं वाक्य ऐकून गेलेल्यांना परत कोण सांगणार?

यानंतर मी आणखी एक चूक केली. भरपाई करायची म्हणून लेफ्टनंट जैन यांच्यावर लेख लिहायला घेतला आणि त्यात त्यांचे शेवटचे क्षण रंगवले. कानाला हेडफोन लावून ते पडद्यावर वाकलेले आहेत, काहीतरी ऐकू येतंय म्हणून हात वर करतात, आणि तेवढ्यात स्फोट होतो. लिहून झाल्यावर मला गहिवरून आलं होतं. बायकोनं वाचलं आणि विचारलं, "हे कुणी पाहिलं?" कुणीच पाहिलेलं नव्हतं. खुकरीतून ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. त्यांच्या हकिकतींमध्ये अंधार, तेल, तिरपं होत गेलेलं जहाज आणि रात्रभर पाण्यात धरून ठेवलेले तराफे आहेत. मी लिहिलेलं दृश्य त्यांत कुठेही नाही. आधी मी त्यांना खोटा दोष चिकटवला होता, आता खोटा पराक्रम चिकटवत होतो. दोन्ही वेळा माझी नजर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावर होती. ते पान मी फाडून टाकलं.

खुकरी बुडाल्यावर तिथून दूर गेलेल्या किरपाणबद्दलही मी काही वर्षं 'निघून गेली' हा शब्द हेटाळणीच्या सुरात वापरत होतो. तोही मागे घेतो. तिच्यावरही टॉर्पेडो सोडले गेले होते. एका जागी थांबून माणसं उचलायला लागली असती तर दुसरं जहाजही गेलं असतं, आणि तिच्याबरोबर खुकरीतल्या माणसांची उरलेली आशाही. दुसऱ्या दिवशी ती कच्छल नौकेला घेऊन परत आली आणि वाचलेल्यांना पाण्यातून काढलं गेलं. पुढचे चार दिवस आपली जहाजं आणि विमानं हंगोरला शोधत होती. त्याच धामधुमीत १० डिसेंबरला नौदलाचं एक अलिझे विमान पाकिस्तानी हवाई दलानं समुद्रावर पाडलं. त्यातले तिघेही परत आले नाहीत. हंगोर निसटली. आज ती कराचीत संग्रहालयात ठेवलेली आहे.

आता मी बोलतो तेव्हा लेफ्टनंट जैन यांचं नाव घेतो आणि मला नक्की माहीत आहे तेवढंच सांगतो. ते विद्युत शाखेतले अधिकारी होते. आपल्या जहाजांना पाण्याखालचं अधिक लांबून ऐकू यावं, या कामावर होते. युद्ध सुरू असताना ते काम करायला खुकरीवर होते आणि तिच्याबरोबर गेले. सभागृह पूर्वीसारखं गप्प होत नाही. काही जण नंतर येऊन सोनारबद्दल विचारतात, मुलं पाण्याच्या थरांची आकृती काढून मागतात. मला हे पुरेसं वाटतं. दीवला चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या आड जहाजाची प्रतिकृती आहे. पर्यटक तिथे सूर्यास्त पाहायला जातात. आपल्याबरोबर मुलं असतील तर कॅप्टनची गोष्ट सांगाच, आणि ती सांगून झाली की जहाजाच्या पोटात कोण काय काम करत होतं तेही सांगा.

एक विनंती आहे. माझी जुनी व्याख्यानं काही ठिकाणी ध्वनिमुद्रित झाली होती, त्यांतले तुकडे अजूनही दर डिसेंबरात मोबाइलवर फिरतात. त्यांतला एक मलाच एकानं कौतुकानं पाठवला होता. आपल्याकडे तो आला तर कृपा करून पुढे पाठवू नका. ज्यांनी आपल्याला पाठवला त्यांनाही कळवा, की त्यातलं प्रयोगाबद्दलचं विधान चुकीचं आहे आणि बोलणाऱ्यानं ते मागे घेतलं आहे.